दुसऱ्या तारेची चूक आमची. लाकडाबद्दलची शंका मात्र रास्त नाही

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्याकडून नेलेल्या उच्च श्रेणीच्या इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारविषयी लिहिलेला अभिप्राय वाचला. आपले म्हणणे असे की, नुसती वाजवली तर ही गिटार सुरेख वाजते, पण ॲम्प्लिफायरला जोडली की आवाज प्लॅस्टिकसारखा कोरडा येतो. दुसरी तार, म्हणजे बी, इतर तारांपेक्षा दबकी ऐकू येते. कार्यक्रमात आवाज वाढवला की गिटार घुमू लागते. आणि त्याअर्थी टॉप, म्हणजे गिटारची पुढची फळी, अखंड लाकडाचा नसून प्लायवूडचा असावा व आम्ही आपल्याला फसवले असावे.

दुसऱ्या तारेपासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक आमची आहे. गिटार नेताना आपण ॲक्शन, म्हणजे तारांची गिटारच्या मानेपासूनची उंची, कमी करून मागितली होती. बाराव्या फ्रेटवर तारांची उंची अर्धा मिलिमीटर उतरवायची तर सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती छोटी पट्टी, जवळजवळ १ मिलिमीटर घासावे लागते, आणि ते खालच्या बाजूने घासले जाते. साध्या अकूस्टिक गिटारमध्ये त्या घासण्यात केसभर फरक राहिला तरी कानाला तो सहसा कळत नाही. आपल्या गिटारमध्ये मात्र सॅडल पिएझो पिकअपच्या (दाबाचे विजेच्या संकेतात रूपांतर करणाऱ्या) पट्टीवर टेकलेले असते आणि प्रत्येक तारेचे कंपन दाबाच्या रूपाने त्या पट्टीपर्यंत जाते. सॅडलचे बूड सपाट नसेल, तर जिथे फट राहते तिथल्या तारेचा आवाज जोडल्यावर पडतो. न जोडता मात्र सहाही तारा सारख्या वाजतात. आपण लिहिलेले लक्षण नेमके हेच आहे. आमच्या कारागिराने काम झाल्यावर गिटार वाजवून पाहिली, पण जोडून पाहिली नाही. ही हयगय आहे आणि तिच्याबद्दल मी आपली माफी मागतो.

लाकडाबद्दलची शंका मात्र आपण घरबसल्या स्वतःच तपासू शकता. तारा सैल करून साउंडहोलच्या, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकाच्या, कडेवर टॉर्चचा प्रकाश टाका. टॉपच्या स्प्रूस लाकडाच्या वरच्या अंगावर दिसणाऱ्या बारीक सरळ रेषा कडेवरून वळून फळीच्या जाडीतही तशाच उतरलेल्या दिसल्या, तर फळी अखंड आहे. प्लायवूडमध्ये तिथे एकावर एक थर दिसतात. कडेवर पट्टी बसवलेली असेल तर हे पाहता येत नाही, परंतु आपल्या मॉडेलची कड उघडी आहे.

मग जोडल्यावर आवाज वेगळा का? सॅडलखालची पट्टी तार आणि ब्रिज यांच्यातला दाब टिपते. टॉप हलल्याने खोलीतल्या हवेत जो आवाज भरतो, ज्याच्यासाठी आपण एवढी रक्कम मोजली, त्याचा थोडाच अंश तिच्या वाट्याला येतो. म्हणूनच पिकने जोरात मारलेला फटका स्पीकरमधून टोकदार आणि कोरडा ऐकू येतो. याचे खापर लाकडावर फोडता येणार नाही. पण आमच्या विक्रेत्याने आपल्याला “जोडली तरी हीच गोडी राहील” असे सांगितले, तेही बरोबर नव्हते, आणि आम्ही ज्या पद्धतीने ती ऐकवली तीही सदोष होती. छोट्या खोलीत ॲम्प हळू ठेवून आपणच वाजवत होता. अशा वेळी कानावर येणाऱ्या आवाजातला मोठा भाग गिटारच्या पोटातूनच येत असतो आणि पिकअपचा दोष त्याखाली झाकला जातो. (त्या खोलीत आमच्याकडची कोणतीच गिटार वाईट वाजलेली मला आठवत नाही.) खरी पारख करायची तर फक्त जॅकमधून येणारा आवाज रेकॉर्ड करून तो नंतर हेडफोनवर ऐकावा, किंवा दुसऱ्याला वाजवायला सांगून आपण स्पीकरपाशी उभे राहावे. यापुढे विक्रीआधी आम्ही ग्राहकाला हे रेकॉर्डिंग ऐकवणार आहोत.

घुमण्याबाबत: जो टॉप तारेच्या हलक्या स्पर्शालाही प्रतिसाद देतो, तो स्पीकरच्या आवाजालाही देतो. आपल्या आकाराच्या गिटारमध्ये पोटातल्या हवेचा स्वाभाविक नाद साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो, त्यामुळे त्याच्या जवळपासच्या नादाची पाचवी तार मोकळी वाजवली की घुमणे सुरू होते. साउंडहोलला रबरी झाकण लावावे, प्रीअँपवरचे (गिटारमधल्या संकेत वाढवणाऱ्या छोट्या यंत्रावरचे) संकेत उलटा करणारे फेज बटण दाबून पाहावे, नॉच, म्हणजे एकच नाद कमी करणारा फिल्टर, त्या घुमणाऱ्या नादावर बसवावा आणि मॉनिटरच्या, म्हणजे वादकाकडे तोंड केलेल्या स्पीकरच्या, थेट समोर उभे राहू नये. एवढ्याने बहुतेक वेळा काम भागते.

गिटारमधली बॅटरी लवकर संपते असाही उल्लेख आपण ओझरता केला आहे. जॅकमध्ये केबल घातलेली राहिली तर प्रीअँप चालूच राहतो, तेवढे पाहावे.

सॅडल आम्ही नवे घडवून, बूड सपाट पट्टीवर तपासून, विनामूल्य बसवून देऊ आणि सहाही तारांची पातळी आपल्यासमोर जोडून दाखवू. त्यानंतरही पिएझोचा आवाज पटला नाही, तर टॉपच्या आतून चिकटवायचा पिकअप किंवा आतला छोटा माइक असलेल्या गिटार आमच्याकडे आहेत. त्या आपल्या गिटारशेजारी ठेवून, त्याच ॲम्पवर आणि कार्यक्रमात लागतो तेवढ्या आवाजात ऐकाव्यात. येताना ज्या केबलने आपण वाजवता तीच आणावी, आणि तारा बदलू नयेत, म्हणजे आपल्याला ऐकू आले तेच मलाही ऐकता येईल.

आपला,
दुकानाचा मालक