एसीपींचे सेवापुस्तक

मी ‘सी. आय. डी.’ ही मालिका पहिल्यापासून पाहत आलो आहे आणि तिच्यातील एकाही प्रकरणात खून कोणी केला, हे मला आजवर कळलेले नाही. यात मालिकेचा काही दोष नाही. 21 जानेवारी 1998 रोजी सोनी वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका 27 ऑक्टोबर 2018 पर्यंत चालली, दीड हजारांहून अधिक भाग झाले, आणि तिचे पोलीस बहुतेक वेळा गुन्हेगाराला पकडूनच घरी गेले. दोष आहे तो डोंबिवलीतील आमच्या बाहेरच्या खोलीचा. या खोलीत दूरचित्रवाणी संचासमोर चार माणसे बसतात, त्या चौघांपैकी एकालाही खुनी कोण याच्याशी कर्तव्य नसते, आणि पाचवा मी.

या चौघांची ओळख करून देणे भाग आहे. वडील एका सरकारी कार्यालयाच्या आस्थापना शाखेतून निवृत्त झाले. आत्या सत्र न्यायालयात लघुलेखक होती. वहिनी रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. धाकटे काका फर्निचरची कामे घेतात. थोडक्यात, मालिकेत दाखवल्या जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर हरकत घेण्यास अधिकृतरीत्या पात्र असा एक तरी मनुष्य आमच्या घरात हजर असतो. खून होण्यास मात्र कोणाची हरकत नसते.

पहिली हरकत बहुधा प्रेत सापडताक्षणीच येते आणि ती आत्याची असते. मुंबईत खून झाला म्हणजे स्थानिक पोलीस ठाण्याचा माणूस येईल, पंचनामा होईल, फार तर गुन्हे शाखा येईल, राज्याच्या सी.आय.डी.चे मुख्यालय तर पुण्याला आहे, मग ही मंडळी फोन खाली ठेवायच्या आत मुंबईत पोहोचतात कशी, असा तिचा सवाल असतो. द्रुतगती मार्ग झाल्यापासून वेळ वाचतो, असे मी एकदा म्हणून पाहिले. त्यावर आत्याने मार्ग कोणत्या साली खुला झाला आणि हा भाग कोणत्या सालचा आहे, याची उलटतपासणी सुरू केली, आणि त्या गडबडीत प्रेत कोणाचे होते हेच माझ्या लक्षात आले नाही.

तोवर प्रेत मालिकेतील न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. साळुंख्यांच्या टेबलावर पोहोचलेले असते आणि सूत्रे वहिनीकडे जातात. साळुंखे एका नळीतील निळे पाणी दुसऱ्या नळीत ओततात, ते हिरवे होते, आणि विष कोणते, किती वाजता दिले आणि ते घेताना मयताच्या मनात काय चालले होते, हे सगळे ते सांगून टाकतात. वहिनीचा यावर संताप होतो, आणि तो खरा असतो. शवविच्छेदन प्रयोगशाळेत होत नाही, रुग्णालयात होते. व्हिसेरा, म्हणजे प्रेताच्या आतील अवयवांचे नमुने, मिठाच्या संपृक्त द्रावणात राखून ठेवतात, मोहोरबंद बरणी कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाते आणि अहवालाची वाट पाहण्यात आठवडेच्या आठवडे निघून जातात, असे ती मोठ्या आवाजात सांगते. “आमच्याकडे साधं थायरॉईड संध्याकाळी मिळतं, आणि यांना इथं उभ्या उभ्या सायनाइड मिळतंय,” हे तिचे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की, त्यावर काका नेहमी विचारतात ते “कुठे मिळतंय?” आता मीच आधी विचारून टाकतो.

काकांची पाळी दरवाजा आल्यावर येते, आणि दरवाजा येतोच. पथकाचे प्रमुख एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) प्रद्युम्न हात फिरवून “दया, दरवाजा तोड दो” म्हणतात, दया दोन पावले मागे सरतो, आणि आमचे काका खुर्चीत पुढे सरकतात. दयाच्या ताकदीबद्दल त्यांना मुळीच शंका नाही. ती भूमिका करणारे दयानंद शेट्टी मुळात थाळीफेकपटू, हे तेच सर्वांना सांगत असतात. त्यांचा आक्षेप दाराला आहे. मुंबईतल्या कोणत्याही फ्लॅटला बाहेरच्या अंगाला सेफ्टी डोअर असते आणि ते बाहेर उघडते. बाहेर उघडणाऱ्या दाराला बाहेरून लाथ मारली तर ते चौकटीत अधिकच घट्ट बसेल. शिवाय आतले दार तुटलेच, तर कडीच्या बाजूने चौकट फाटायला हवी. इथे ते बिजागऱ्यांसकट आडवे होते, म्हणजे स्क्रू आधीच काढलेले. “आणि बेल का वाजवत नाहीत?” असे वहिनीने विचारले, तेव्हा काका दुखावले गेले. त्यांच्या मते तो प्रश्न सुतारकामाच्या कक्षेबाहेरचा होता.

माझ्या वडिलांचा मुद्दा मात्र असा किरकोळ नाही. तो मूलगामी आहे आणि सोडवण्याच्या पलीकडचा आहे. एसीपी प्रद्युम्न साकारणाऱ्या शिवाजी साटम यांना मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’पासून पोलिसाच्या भूमिकेत पाहत आल्यामुळे वडिलांना त्यांच्याविषयी खात्यातील सहकाऱ्यासारखी आपुलकी वाटते, आणि म्हणूनच त्यांच्यावर झालेला अन्याय सहन होत नाही. हा मनुष्य 1998 साली एसीपी होता, 2018 साली एसीपी होता, आणि 21 डिसेंबर 2024 रोजी मालिका पुन्हा सुरू झाली तेव्हाही एसीपीच होता. दरम्यान सहावा वेतन आयोग आला, सातवा आला. पदोन्नती आली नाही. ज्येष्ठता यादी कोणी लावली, गोपनीय अहवालात प्रतिकूल शेरा होता काय, आणि असल्यास तो त्यांना कळवला होता काय, हे प्रश्न वडील दर शनिवारी नव्याने उपस्थित करतात. त्यातून साटमांचा जन्म 1950 चा. राज्य पोलिसांत अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती, म्हणजे 2008 साली निरोप समारंभ व्हायला हवा होता. जन्म नटाचा आहे, पात्राचा नव्हे, असे मी म्हणालो, तेव्हा वडिलांनी फक्त एवढेच विचारले, “मग पात्राचं सेवापुस्तक दाखव.”

एप्रिल 2025 मध्ये एसीपी प्रद्युम्न बॉम्बस्फोटात मरण पावले, तेव्हा देशातील चाहते हळहळले. वडील कामाला लागले. मृत्यू कर्तव्यावर असताना, म्हणजे सानुग्रह अनुदान आले, उपदान आले, कुटुंब निवृत्तिवेतन आले. पण ते द्यायचे कोणाला? मुलगा नकुल गुन्हेगारीकडे वळला होता आणि त्याला खुद्द एसीपींनीच गोळी घातली होती. “नामनिर्देशन बदललं नसेल तर भानगड आहे,” असे म्हणून ते रात्री साडेअकरापर्यंत अस्वस्थ होते. पुढे एसीपी जिवंत परत आले. मला आनंद झाला, आत्याला आनंद झाला; वडिलांचा चेहरा उतरला. मधल्या काळात अदा झालेली रक्कम आता वसूल करावी लागणार होती, आणि अशी वसुली किती कटकटीची असते हे आमच्यापैकी फक्त त्यांनाच ठाऊक होते.

2004 साली या मालिकेने 111 मिनिटांचा एक भाग कॅमेरा एकदाही न थांबवता चित्रित केला आणि त्याची विक्रम म्हणून नोंद झाली. त्या 111 मिनिटांत आमच्या घरातला वादही एकदाही थांबला नाही. त्याची नोंद कोठेही नाही.

गेल्या शनिवारी मी निश्चय केला. इतर काहीही चुकले तरी चालेल, पण शेवटची पाच मिनिटे, जेव्हा संशयितांना ओळीने उभे करतात आणि दयाचा हात उठतो, ती मी डोळ्यांत तेल घालून पाहणार. तीन संशयित उभे होते: भाऊ, भागीदार आणि माळी. दयाने थप्पड मारली. त्याच क्षणी आत्या, पदर खोचावा तशी ओढणी खोचून, माझ्या आणि पडद्याच्या मधोमध उभी राहिली. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही, पूर्वी पुरावा कायद्याचे कलम 25 होते, जुलै 2024 पासून साक्ष अधिनियमाचे कलम 23 आहे. आरोपीने शस्त्र काढून दिले तर तेवढाच भाग चालेल. आणि फाशी होणार हे सांगणारे एसीपी कोण, ती शिक्षा दुर्मिळातल्या दुर्मीळ प्रकरणात न्यायालय देते, हे सर्व तिने एका श्वासात सांगितले. ती बाजूला झाली तेव्हा पडद्यावर साबणाची जाहिरात होती.

“खुनी कोण होता?” मी विचारले.

“माळी,” वडील म्हणाले. “भागीदार,” वहिनी म्हणाली. थप्पड त्यालाच बसली, असे तिचे म्हणणे. काकांना दोघेही मान्य नव्हते, कारण भावाच्या खोलीची कडी आतून लागली होती आणि ती बाहेरून लावता येत नाही, असे ते म्हणत होते. डोळ्यांदेखत घडलेल्या घटनेचे तीन साक्षीदार आणि तीन जबाब. मी शेवटच्या आशेने आत्याकडे वळलो.

“दोष सिद्ध होईपर्यंत खुनी म्हणायचं नाही,” ती म्हणाली. “आरोपी म्हण.”

हाच भाग पुन्हा केव्हा लागणार, हे काकांनी चप्पल घालता घालता वहिनीला विचारून घेतले. त्या वेळी ते मेजरिंग टेप घेऊन येणार आहेत.