पैसे कसे देणार ते नंतर, कधी देणार ते आधी बोला

मागच्या वर्षी एका महिन्यात आमची आजवरची सगळ्यात जास्त विक्री झाली आणि त्याच महिन्यात मी पगार चार दिवस उशिरा केले. माझं छपाईचं काम आहे, लेबलं, कॅटलॉग, खोकी, सगळे मिळून आम्ही सात जण. हिशोबात नफा दिसत होता, खात्यात खडखडाट, आणि मी मशीनवरच्या पोराला सांगतेय की अरे सोमवारी नक्की. तो "हो मॅडम" म्हणाला आणि गेला. भांडला असता तर कमी लागलं असतं.

नंतर बसून पाहिलं तर कुणी बुडवलं नव्हतं हो. मोठी ऑर्डर मिळाली म्हणून कागदवाल्याला पैसे आधी मोजले, माल वेळेत दिला, आणि गिऱ्हाइकाची मुदत ६० दिवसांची. म्हणजे जेवढं काम जास्त तेवढा माझा पैसा जास्त अडकला. धंदा वाढला की पैसा वाढेल असं आपण धरून चालतो, पण मधले काही आठवडे तो उलट आटतो, आणि पगाराची तारीख नेमकी त्याच आठवड्यांत येते.

तेव्हापासून पेमेंटचा कुठलाही प्रकार असो, मी तीनच गोष्टी बघते. पैसा माझ्या हातात कोणत्या तारखेला पडणार, वाटेत किती कापला जाणार, आणि आलेला पैसा परत जाऊ शकतो का.

रोख लगेच पडते, पण गल्ल्यातून "जरा दोन नोटा घेते" म्हणत घरखर्च निघतो आणि वहीत लिहायचा राहतो (हे माझंच, दुसऱ्या कुणाचं नाही). चेक वटला की पैसा आला म्हणायचं, त्याआधी नाही. मोठ्या बिलांना थेट ट्रान्स्फर सगळ्यात बरा, फक्त लोक बिल नंबर टाकत नाहीत आणि मग कोणाचे कुठले पैसे हा शोध सुरू.

कार्डाबद्दल मात्र बोलायचंय. कार्डाची फी दोन टक्के असली तर आपण म्हणतो दोनच तर आहेत. पण ती विक्रीवर कापतात, नफ्यावर नाही. माझ्या हातात शंभराला दहा उरत असतील तर त्यातले दोन गेले, म्हणजे नफ्याचा पाचवा हिस्सा. तरीही मी कार्ड घेते, कारण एक-दोन दिवसांत पैसा खात्यात असतो आणि दोन महिने थांबण्यापेक्षा मला ते परवडतं. पण त्याच्या दोन खोड्या माहीत असाव्यात. एक म्हणजे चार गिऱ्हाइकांचे पैसे एकत्र, फी वजा होऊन, एकाच रकमेने येतात. आम्ही तीच रक्कम विक्री म्हणून लिहायचो, त्यामुळे विक्री कमी दिसायची आणि फी कुठेच दिसायची नाही. एकदा ती तफावत शोधायला मी रात्री साडेदहापर्यंत स्टेटमेंटवर पट्टी ठेवून बसले होते. आता पूर्ण रक्कम विक्रीत आणि फी वेगळ्या खर्चात, विषय संपला. दुसरी खोडी म्हणजे गिऱ्हाईक बँकेकडे तक्रार करून पैसे परत ओढू शकतं. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बऱ्याच तक्रारींना साधारण १२० दिवसांपर्यंत मुदत असते, तोवर तो पैसा आपण कधीच खर्च केलेला असतो. म्हणून गिऱ्हाइकाने मंजूर केलेलं प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, आणि माल मिळाल्याची सही, दोन्ही जपून ठेवायची.

आणि एवढं सगळं बोलून झाल्यावर माझं खरं म्हणणं हे आहे की सगळ्यात महाग पेमेंट उधारीचं. त्याची फी कुठे छापलेली नसते एवढंच. एकदा करून बघा, एकूण येणी, म्हणजे गिऱ्हाइकांकडून यायचे बाकी पैसे, भागिले वर्षाची उधारीची विक्री गुणिले ३६५. आमचं उत्तर ९१ दिवस आलं. मुदत ६० ची, पैसे ९१ ला, आणि कागदवाल्याला मी आगाऊ देणार! म्हणजे तीन महिने गिऱ्हाइकाचा धंदा माझ्या पैशावर चालू होता, बिनव्याजी.

मग कुणीतरी सुचवलं, १० दिवसांत दिलं तर २ टक्के सूट ठेव, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण रक्कम. ऐकायला छान वाटतं. पण २० दिवस आधी मिळावेत म्हणून २ टक्के सोडायचे हे वर्षाच्या हिशोबाने ३७ टक्क्यांच्या आसपास जातं. तेवढ्या व्याजाने कर्ज देतो म्हटलं तर आपण दारातूनच परत फिरू ना? मी ती सूट एकदाच दिली, पगार अडले होते तेव्हा. नेहमीसाठी नाही.

आता छपाईची प्लेट बनवायच्या आधी निम्मे पैसे घेते. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळली होती, वाटलं गिऱ्हाईक जाणार. दोन गेले. त्यातला एक तर आधीपासूनच रडवायचा, त्याचं काही वाईट वाटलं नाही. बिल माल निघेल त्याच दिवशी. आणि सगळ्यात जास्त फरक कशाने पडला सांगू? मुदत संपायच्या आठवडाभर आधी एक फोन, "बिल पोचलं ना, त्यात काही दुरुस्ती आहे का?" पैसे मागतच नाही. निम्म्या वेळा कळतं की त्यांचा ऑर्डर नंबर आपण लिहिलाच नव्हता आणि बिल कुणाच्या तरी टेबलावर पडून आहे, आणि आपण इकडे त्यांना मनातल्या मनात शिव्या घालतोय.

दर सोमवारी पुढच्या १३ आठवड्यांचा साधा तक्ता भरते, कोणत्या आठवड्यात किती येणार, किती जाणार, शेवटी काय उरणार. येणाऱ्या रकमा गिऱ्हाइकाने दिलेल्या तारखेला नाही लिहीत, तो मागच्या वेळी जितका उशिरा आला होता तितक्या उशिरा लिहिते. आज भरताना नववा आठवडा वजा दिसला. कागदवाल्याशी आत्ताच बोलून ठेवलंय, निम्मे आधी, निम्मे महिन्याने. तो लगेच हो म्हणाला, म्हणजे हे मी त्याला मागच्या वर्षीही विचारू शकले असते.