गॅस पितो कोण?
प्रीमिअर पद्मिनीत मागाहून बसवलेला एसी थंड हवा देईनासा झाला की कोणत्याही गॅरेजात जा, बोनेट उघडण्याआधीच निदान तयार असते: "साहेब, गॅस कमी झालाय, भरून देतो." एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो आणि दर उन्हाळ्यात कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे, एवढी साधी गोष्ट या मंडळींना कोणी समजवावी? नायट्रोजनचा दाब देऊन सांध्यांवर साबणाचा फेस लावावा, गळणारी ओ-रिंग (सांध्यातली रबरी कडी) बदलावी, ओलावा शोषणारा ड्रायर नवा घालावा, व्हॅक्यूम पंपाने आतली हवा आणि दमटपणा ओढून काढावा आणि मगच गॅस वजन करून भरावा, हा क्रम वेळखाऊ असल्यामुळे दाब दाखवणाऱ्या गेजकडे पाहत अंदाजपंचे गॅसचा डबा रिकामा केला जातो. आर-१२ या जुन्या गॅसच्या जमान्यातले, कंप्रेसरला वंगण देणारे मिनरल ऑइल नंतर आलेल्या आर-१३४ए गॅसमध्ये मिसळत नाही, असे सांगावे तर "आम्ही नेहमी असेच करतो" हे उत्तर ठरलेले.

त्यातून एखाद्या दिवशी गारवा लाभलाच, तर १०८९ सीसीच्या, जेमतेम चाळीसेक अश्वशक्तीच्या इंजिनावर गॅस दाबणाऱ्या कंप्रेसरचा भार पडतो, रेडिएटरला पुढच्या, एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरने तापवलेली हवा मिळते आणि सिग्नलला उभे असताना तापमानाचा काटा चढू लागतो. इथे कंडेन्सरला वेगळा विजेचा पंखा आणि त्याला पुरेशी वीज देणारा अल्टरनेटर हवा. सुचवला जातो तो उपाय मात्र इंजिनाचे तापमान राखणारा थर्मोस्टॅटच काढून फेकण्याचा, आणि तोही वर उपकार केल्याच्या थाटात!