बारीक पिन आहे का?

पूर्वी लग्नघरात कुणीतरी हमखास ओरडायचं, "बारीक पिन आहे का कुणाकडे?" नोकियाची बारीक पिन. त्याआधी जाड पिन होती. मग मायक्रो यूएसबी आलं, आयफोनवाल्यांचं २०१२पासून लायटनिंग वेगळंच. आता टाइप-सी वायर कुणाचीही कुणालाही चालते. कंपन्यांना अचानक शहाणपण सुचलं म्हणून नव्हे हां. युरोपियन युनियनने २०२२मध्ये कायदा करून कान पिळला. नवे शोध खुंटतील, अशी ॲपलची कुरकुर चालू होती. तरी २०२३च्या आयफोन १५ला मुकाट्याने टाइप-सी आलंच.

इलेक्ट्रिक चारचाकीच्या चार्जिंगचंही आपल्याकडे बऱ्यापैकी मार्गी लागलंय. आधी 'भारत डीसी-००१' चार्जरला चिनी पद्धतीची गन (म्हणजे वायरच्या टोकाचं, गाडीत खुपसायचं तोंड) होती, आता फास्ट चार्जिंगला सीसीएस-२ पद्धतीची : वर सात पिनांचा गोल, खाली दोन जाड डीसी पिना. (जपान्यांच्या पद्धतीचं नाव चाडेमो. त्यात 'चहा घेणार का?' या अर्थाच्या जपानी वाक्यावर श्लेष आहे, गाडी चार्ज होईतो चहा! हे खरं तर आपल्याकडेच चालायला हवं होतं.)

अडलंय ते इलेक्ट्रिक स्कूटरचं. म्हणजे आपलंच.

गेल्या महिन्यात पुण्याहून साताऱ्याला निघालो. खंबाटकी घाटाने बॅटरी खाल्ली. सुरूर फाट्याजवळ एका हॉटेलासमोर चार्जिंग पॉइंट दिसला, जीव भांड्यात पडला. गन उचलली, तर माझ्या स्कूटरच्या सॉकेटात जाईचना. पॉइंट दुसऱ्या कंपनीचा. वीज तीच, बिल तेच महावितरणचं, फक्त तोंड वेगळं! शेवटी भटारखान्यात, डोशाचं पीठ वाटायच्या मशीनशेजारच्या प्लगला घरचा चार्जर लावून साडेतीन तास बसलो. दोन मिसळी झाल्या. मालक म्हणाले, "दादा, यात बारीक पिन कुठली आणि जाड कुठली?"

बरं, तोडगा नाही असंही नाही. बीआयएसने, म्हणजे भारतीय मानक ब्युरोने, २०२३मध्ये हलक्या वाहनांच्या गनचं मानक मान्य केलं. डिझाइन एथर या स्कूटर कंपनीचं, हीरोची विडा स्कूटरही ते वापरते. पण सक्ती नाही, त्यामुळे ज्याची त्याची गन. नुसता आकार जुळून भागतही नाही. किती करंट घेऊ, कधी थांबू, हे बॅटरी आणि चार्जरने एकमेकांशी बोलावं लागतं. म्हणून 'ॲडॉप्टर लावा की' हा सल्ला ऐकला की डोकं फिरतं.

"घरी चार्ज करून निघायचं ना," असं म्हणणाऱ्यांना बहुधा स्वतःचं पार्किंग असतं. भाड्याने तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने वायर खिडकीतून सोडायची का? सोसायटीचे सेक्रेटरी जीव घेतील.

सक्ती करा, सरळ मुदत द्या. दुसऱ्याचं डिझाइन वापरताना कंपनीचा अहंकार दुखावत असेल, तर दुखावू दे.

तोवर माझ्या डिकीत पंधरा अँपियरची एक्स्टेन्शन वायर आहे. हेल्मेट हातात घेऊन फिरतो.