‘ठरलेल्या मारामारीत कसली आलीय क्षमता?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘राहून गेलेले’ या माझ्या लेखावर ‘जुना वाचक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. लेख अमेरिकेतल्या चार व्यावसायिक कुस्तीगिरांवर होता: मॅग्नम टी. ए., ब्रायन पिलमन, टॉम मगी आणि लेक्स लुगर. प्रतिक्रिया अशी: ‘निकाल आधीच ठरलेला असतो, मग यांची क्षमता वाया गेली म्हणजे नेमकं काय गेलं? ज्याला कंपनीने वर काढायचं ठरवलं तो वर गेला. या वयात असले पोरखेळ लिहिण्यापेक्षा आपल्या तालमींवर लिहा.’ पुढे तीन मुद्दे जोडले आहेत. मॅग्नमच्या अपघाताचं साल चुकलंय, शेल्टन बेंजामिनचं नाव नाही आणि वेदनाशामक गोळ्यांबद्दल मी अवाक्षर काढलेलं नाही.

साल चुकलं होतं, मान्य. मी १९८७ लिहिलं होतं. अपघात १४ ऑक्टोबर १९८६ चा, शार्लट शहरात, पावसात. पोर्श घसरून खांबावर आदळली आणि मानेचा तिसरा-चौथा मणका गेला. चूक दाखवल्याबद्दल आभार.

आता ‘या वयात’ आणि ‘पोरखेळ’. माझं वय तुम्हाला कुठून कळलं ते माहीत नाही, पण केबलवर हा खेळ लागायला लागला तेव्हापासून मी तो बघतोय आणि पंधरा वर्षं त्यावर लिहितोय. मतभेद असू दे, हजार असू दे. पण समोरच्याला आधी पोर ठरवायचं आणि मग त्याच्याशी वाद घालायचा ही कुठली रीत? लेख आवडला नाही एवढं एका ओळीत सांगता आलं असतं. तुम्ही चार ओळी घेतल्यात, त्यातली दीड टोमण्याची.

असो. तुमच्या पहिल्याच वाक्याकडे येतो, कारण त्यात सगळा गोंधळ आहे.

निकाल ठरलेला असतो. ते मला सांगावं लागत नाही, बारा वर्षांच्या मुलालाही ठाऊक असतं. पण कोण जिंकणार हे ठरलं म्हणून पाठ जमिनीवर आपटायची राहत नाही. रिंगणाखाली काय असतं ते बघा. लोखंडी तुळया, त्यावर लाकडी फळ्या, फळ्यांवर जेमतेम इंचभर फोम आणि वर ताणलेलं कॅनव्हास. त्यावर पाठीवर पडायचं, याला त्या धंद्यात ‘बंप’ म्हणतात. हनुवटी छातीला चिकटवायची, नाहीतर डोकं मागे झटकून आपटतं. श्वास सोडत पडायचं. दोन्ही तळहात आणि कोपरापुढचे हात एकाच क्षणी जमिनीवर मारायचे आणि पाठीचा वरचा सपाट भाग सगळा एकदम टेकवायचा. कोपर आधी टेकलं तर खांदा जातो, कंबर आधी टेकली तर मणका. हे आठवड्यातून चार-पाच रात्री, वर्षानुवर्षं.

दुसऱ्याला पाडण्यातही हेच. टूमस्टोन पाइलड्रायव्हर घ्या. समोरच्याला उलटा, पोटाला पोट लावून धरायचा, त्याचं डोकं आपल्या मांड्यांच्या मध्ये. मग दोन्ही गुडघ्यांवर उतरायचं. नीट केलं तर त्याचं डोकं गुडघ्यांच्या पातळीच्या वरच राहतं आणि सगळा भार उचलणाऱ्याच्या गुडघ्या-नडग्यांवर येतो. ३ ऑगस्ट १९९७ ला डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्ती कंपनीच्या समरस्लॅम या मोठ्या वार्षिक कार्यक्रमात ओवेन हार्ट गुडघ्यांवर उतरण्याऐवजी बसता झाला. स्टीव्ह ऑस्टिनचं डोकं मांड्यांच्या खाली निघालेलं होतं, दोघांचं वजन मानेवर आलं. ऑस्टिनला काही काळ हातपाय हलवता येईनात. ओवेन प्रेक्षकांना डिवचत वेळ काढत राहिला, मग ऑस्टिन कसाबसा सरपटत आला आणि ओवेनला गुंडाळून ठरल्याप्रमाणे जिंकला. बघा, निकाल ठरलेलाच होता. मान मात्र खरी होती.

‘कंपनीने वर काढलं तो वर गेला’ हे तुमचं दुसरं वाक्य. माझ्या लेखातले दोन गडी नेमके याच्या उलट उदाहरण म्हणून घेतले होते, ते तुम्ही वाचलेले दिसत नाहीत. टॉम मगी १९८२ च्या जागतिक शक्तिमान स्पर्धेत बिल काझमायरच्या मागे दुसरा आला होता. पिळदार शरीर, त्यात कोलांटीही मारायचा. ७ ऑक्टोबर १९८६ ला रॉचेस्टरमध्ये ब्रेट हार्टशी त्याची चाचणी लढत झाली आणि ती बघून कंपनीचा मालक विन्स मॅकमहन याला पुढचा हल्क होगन, म्हणजे कंपनीचा तेव्हाचा सर्वांत मोठा तारा, सापडल्यासारखं वाटलं. त्या लढतीची टेप कित्येक वर्षं हरवली होती, २०१९ मध्ये बाहेर आली. आता कोणीही बघू शकतो. मगी हात पुढे करतो त्याच्या आधी ब्रेट योग्य जागी पोचलेला असतो. मगीने हलकं ढकललं तरी ब्रेट असा उडतो की फटका जबर वाटावा. कारागिरी सगळी ब्रेटची होती. पुढच्या लढतींमध्ये समोर ब्रेट नव्हता आणि मगीचा फुगा फुटला. लुगरला तर १९९३ मध्ये खास बस दिली, गावोगाव फिरवला, ४ जुलैला युद्धनौकेवर योकोझुनासारख्या अगडबंब माणसाला उचलून आपटायला लावलं. समरस्लॅमला जिंकला तोही प्रतिस्पर्धी रिंगणाबाहेर मोजला गेला म्हणून, विजेतेपदाचा पट्टा मिळाला नाही. पुढच्या वर्षी तो पट्टा ब्रेटकडे गेला. पैसा, बस, अमेरिकेचा झेंडा, सगळं मागे उभं होतं. लोकांनी ऐकलं नाही.

आणि उलट बाजूला पिलमन. जेमतेम पावणेसहा फुटांच्या आसपासचा, सिनसिनाटीकडून अमेरिकन फुटबॉल खेळलेला, कॅनडातल्या कॅल्गरीत ब्रेट-ओवेनचे वडील स्टू हार्ट यांच्या तळघरातल्या तालमीत शिकलेला. १९९२ च्या फेब्रुवारीत जपानच्या जुशिन लायगरशी झालेली त्याची लढत काढून बघा. त्याचा हुकमी डाव ‘एअर पिलमन’: रिंगणाच्या कडेला बाहेर उभं राहायचं, तिथून दोन्ही पायांनी सर्वांत वरच्या दोरावर उडी मारायची आणि दोराच्या उसळीवर आत झेप घेऊन हात छातीवर मारायचा. यात सगळं काम घोट्याचं. दोरावर टेकताना पाऊल नडगीकडे झुकावं लागतं, तेव्हाच पोटरी स्प्रिंगसारखी ताणली जाते. उतरतानाही पहिला धक्का घोटाच खातो, मग गुडघा, मग कंबर.

एप्रिल १९९६ मध्ये गाडी चालवताना त्याला डुलकी लागली, त्याची हमवी ही लष्करी धाटणीची गाडी उलटली, घोट्याचा चुरा झाला. डॉक्टरांनी सांधा जोडून टाकला, पाऊल चालण्याच्या स्थितीत कायमचं घट्ट. म्हणजे चालता येतं, पण घोटा वाकत नाही. आता त्या माणसाला दोरावर उडी मारायला सांगा. पाऊल झुकत नाही म्हणून तोल जातो, स्प्रिंग नाही म्हणून उसळी नाही आणि उतरतानाचा सगळा दणका सरळ गुडघ्यात. चार वर्षांपूर्वी लायगरशी लढलेला माणूस असा बोलण्यावर आणि हाणामारीवर जगायला लागला. बोलणं त्याचं अफाट होतं, तो भाग वेगळा.

मजेची गोष्ट, म्हणजे मजेची नाही, पण तुमच्यासाठी मुद्दाम: त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये घोट्यावर पुन्हा शस्त्रक्रिया करायची वेळ आली. त्याला पडद्यावरून काही काळ घालवायचा तर कारण हवं. म्हणून ऑस्टिनने, जो १९९३ मध्ये त्याचाच जोडीदार होता, त्याचा घोटा घडीच्या खुर्चीत अडकवून वरून उडी मारली. लोकांनी टीव्हीवर खोटं पाय मोडणं पाहिलं आणि त्याच्या आड खरा मोडलेला पाय दवाखान्यात गेला. तुमचं ‘ठरलेलं’ याच्यात कुठे बसवायचं ते सांगा. ऑस्टिनची मान गेली तेव्हा त्याने डाव कमी करून हाणामारी वाढवली आणि त्यातूनच तो सर्वांत मोठा झाला. ते त्याला जमलं, कारण पळून फटके मारायला दोन पाय धड होते. पिलमन ५ ऑक्टोबर १९९७ ला ३५ व्या वर्षी गेला.

तालमींवर लिहा म्हणता. लिहीन, पण तुमच्या सांगण्यावरून नाही. आणि ‘नुरा कुस्ती’, म्हणजे आधीच ठरवलेली कुस्ती, हा शब्द आपल्याकडे अमेरिकेतून आलेला नाही, एवढं लक्षात असू द्या. मुंबईत दारा सिंग आणि किंग काँग यांच्या कुस्त्यांना तिकीट काढून जाणारे आपलेच आजोबा होते. त्यांना कोणी पोरखेळ म्हटलं नाही.

शेल्टन बेंजामिन: चांगला कुस्तीगीर, लेख चौघांवर होता, पाचवा नव्हता.

गोळ्या: तो विषय मोठा आहे, विमा, करार, डॉक्टर, सगळं आलं त्यात. पिलमनच्या मृत्यूचं कारण हृदयविकार निघालं, माझ्या लेखाला तेवढं पुरेसं होतं. हो, इतक्या दुखऱ्या घोट्यावर माणूस दररोज उभा कसा राहतो हा प्रश्न तुम्ही विचारू शकता. विचारलाही आहेत. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

मूळ लेखात १९८७ चं १९८६ केलं आहे. तुमची प्रतिक्रिया होती तशी ठेवली आहे, ‘पोरखेळ’सकट.