खारा बांगडा आणि मशेरीची डबी

मे महिना अर्धा सरला की आमच्याकडे आगोटीची बेगमी सुरू होते. मीठ, मिरच्या, कोकमं आणि सुकी मासळी. यंदा नेमका त्याच आठवड्यात घरच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला: 'खारवलेल्या मासळीने कॅन्सर, जागतिक आरोग्य संघटनेचा इशारा'. मुंबईच्या वहिनीने लगेच रडक्या बाहुल्या टाकल्या. आई म्हणाली, "आता खारो बांगडो पण गेलो म्हणायचो." आणि कमरेची डबी काढून बोटाने मशेरी दातांना लावायला बसली.

ही पोस्ट त्या डबीबद्दल आहे. पण आधी बांगड्याला सोडवतो.

फॉरवर्ड अगदी खोटा नाही, हीच पंचाईत. जागतिक आरोग्य संघटनेच्याच आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने कॅन्सरकारक गोष्टींचे गट पाडलेत, त्यातल्या पहिल्या गटात खारी मासळी आहे खरी, पण ती 'चिनी पद्धतीची'. दक्षिण चीनमध्ये पोराचं दूध तोडताना भाताबरोबर ही मासळी भरवायची रीत होती. खारवताना ती थोडी कुजते, नायट्रोसामाइन्स नावाची घातक रसायनं तयार होतात, जोडीला एपस्टाइन-बार नावाचा विषाणू, आणि त्यातून नाकामागच्या घशाचा कॅन्सर. आपल्या देशात हा कॅन्सर नागालँडकडे जास्त, कोकणात क्वचितच. शिवाय पहिला गट म्हणजे पुरावा पक्का, एवढंच. धोका केवढा, ते त्यावरून कळत नाही. मीठ कमी खावं हे बरोबरच आहे, रक्तदाबासाठी आणि पोटासाठीही. पण भर पावसात पेजेसोबत निखाऱ्यावरचा एक बांगडा सोडायला मी तरी तयार नाही.

त्याच पहिल्या गटात तोंडात धरायची तंबाखू आहे आणि सुपारीही आहे. नुसती सुपारी, तंबाखू न घातलेली. त्याचे फॉरवर्ड मला अजून कोणी पाठवले नाहीत.

मशेरी म्हणजे काय, हे शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची आणि चुरून पूड करायची. लहानपणी तो वास आला की आम्ही पोरं खोकत मागीलदारी पळायचो. आमच्याकडे ही पूड 'लावतात', खात नाहीत, त्यामुळे ते व्यसन धरलंच जात नाही. बाईमाणसाने विडी ओढली तर गाव बोलेल, मशेरीला सासूच डबी पुढे करते. सकाळी चहाआधी, जेवल्यावर, दुपारी पडताना. 'लावल्याशिवाय पोट साफ होत नाही' हे तर मी डझनभर बायकांकडून ऐकलंय. 2012 साली राज्यात गुटखाबंदी झाली तेव्हा आमच्या घरात सगळ्यांनी मान डोलावली. डबी जागेवरच.

माझी काकी. खालच्या हिरडीजवळ गालाच्या आत पांढरा चट्टा होता, दुखत नव्हता. दुखत नाही म्हणून आठ महिने तसाच. मग तिखट सोसेना, तेव्हा एका दवाखान्यात बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायला मलम मिळालं. तोंडात बॅटरी मारून कोणी बघितलं नाही. आधी गोव्यातलं बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल, मग मुंबईचं टाटा. तोवर मानेत गाठ उतरली होती. चट्टा असतानाच सापडला असता तर बहुधा लहान शस्त्रक्रियेवर भागलं असतं. आता डाव्या बाजूचा जबडा गेला, वर रेडिएशन. काका दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत दोन महिने राहिले. तिथल्या व्हरांड्यात त्यांना सिंधुदुर्गातलीच तीन कुटुंबं भेटली.

जगात दरवर्षी तोंडाच्या कॅन्सरचे जेवढे नवे रुग्ण सापडतात, त्यातले तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आपल्या देशातले असतात. आणि हा कॅन्सर बघायला ना स्कॅन लागतो, ना सुई. केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडं बघितली. 2005 साली निकाल आला: तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने घटले. मुंबईत टाटाच्या लोकांनी 1998 पासून झोपडपट्टीतल्या बायकांची गर्भाशयमुखाची तपासणी केली, व्हिनेगरमधलं ॲसिटिक ॲसिड लावून. तपासणाऱ्या दहावी शिकलेल्या बायका होत्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी पोटाची तपासणी सरकारच करतं, म्हणून तिथे पोटाच्या कॅन्सरचे दहातले जवळपास आठ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. कोरियाचं पोट काही वेगळ्या मातीचं नाही, कॅन्सर तर तिथे आपल्यापेक्षा जास्त. पण तो वेळेत सापडतो. आमच्याकडे आरोग्य शिबिर म्हटलं की रक्तदाब, साखर आणि चष्मे. डोळ्यात बॅटरी मारतात, ती चार बोटं खाली आणायला कोणाला सुचत नाही. मला याचा राग येतो, आणि तो मी इथे काढतोय.

परवा मी आईला खिडकीशी बसवलं. आधी नेहमीचं झालं, "व्यसन खंयचा रे? दात घासतंय मी." मग काकीचं नाव काढलं, तेव्हा गप्प बसली. मोबाइलची बॅटरी लावली. गालाच्या आत दोन्हीकडे, जिभेखाली, जिभेच्या कडा, हिरडी आणि ओठ यांमधली खाच, जिथे मशेरी साठते. लाल-पांढरा चट्टा नाही, तीन आठवडे न भरलेला फोड नाही. मग तीन बोटं जोडून उभी धरायची, ती वरच्या-खालच्या दातांमधून आत जायला हवीत. आईची गेली. तरी तिला तालुक्याला दंतवैद्याकडे नेणार आहे, माझ्या डोळ्यांवर माझा एवढा भरवसा नाही. डबी सोडेन असं ती म्हणालेली नाही. सकाळची एकच वेळ ठेवीन म्हणाली, आणि मी दुपारी कमरेकडे बघतो तेव्हा ती पदर ओढून घेते.

त्या दिवशी बॅटरी बंद करायला गेलो, तर तिनेच हात धरला. "आता तुझा तोंड उघड झिला. जेवल्यावर सुपारी कोण खाता?"

वीस वर्षं खातोय. घरच्या पोफळीची. दोन बोटं गेली, तिसरं अडकलं. दंतवैद्याकडे आता दोघांचे नंबर लावलेत.