पिशवी घरातून निघाली पाहिजे

प्लास्टिक पिशव्यांचा वापर कमी व्हावा म्हणून दुकानदारांनी कापडी पिशवी आणणाऱ्या ग्राहकाला बिलात थोडी सूट द्यावी, ही एका लेखात वाचलेली सूचना मला मनापासून पटली. तरी आमच्या जळगाव-धुळ्याकडील आठवडे बाजारात तिला वेगळे रूप द्यावे लागेल. भरताची वांगी, मेथी किंवा केळी विकणाऱ्या मावशींकडे बिलच नसते आणि त्यांच्या तुटपुंज्या नफ्यातून सूट मागणेही योग्य नाही. राज्यात २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली, पुढे ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ प्लास्टिक पिशव्यांवर देशभर बंदी आली, तरीही पातळ पिशवी आजही सहज हातात पडते, कारण ती नाकारली तर गिऱ्हाईक शेजारच्या गाडीवर जाईल, ही विक्रेत्याची भीती खरी आहे.

म्हणून बाजाराच्या तोंडाशी महिला बचत गटांनी जुन्या साड्यांच्या पिशव्या दहा-वीस रुपये अनामत घेऊन द्याव्यात आणि पिशवी परत येताच पैसे परत करावेत, असे मला वाटते. फुकट वाटलेल्या नव्या पिशव्या कपाटात साचतात, आणि कापडी पिशवीच्या निर्मितीतही पाणी व ऊर्जा खर्ची पडत असल्याने ती शेकडो वेळा वापरली तरच तिचा उपयोग. (आमच्या आईची वायरची पिशवी वर्षानुवर्षे टिकली होती.) मोठ्या किराणा दुकानांनी मात्र सूट आजपासूनच सुरू करावी, त्यांना ती निश्चित परवडेल.